हवाई मैल

हवाई मैल म्हणजे विमान कंपनीने नियमित प्रवाशांना दिलेले बक्षीसगुण होत. प्रवासावर किंवा संलग्न क्रेडिट कार्डाच्या खर्चावर ते खात्यात जमा होतात आणि पुढील तिकिटासाठी वापरता येतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये योजना सुरू केल्यानंतर ही पद्धत जगभर रूढ झाली.

भारतातील योजना

मुंबईस्थित जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने सदस्यांचे मैल टिकले. पुढे ती ‘इंटरमाइल्स’ झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराच्या विलीनीकरणानंतर तिच्या सदस्यांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेथून उड्डाणे करणाऱ्या इंडिगोची ‘ब्लूचिप’ ही योजना आहे.

मूल्यमापन

रोख भाड्यातून, मैल वापरूनही भरावे लागणारे कर व शुल्क वजा करून बाकीस लागणाऱ्या मैलांनी भागल्यास एका मैलाचे मूल्य मिळते. उदाहरणार्थ, भाडे ६,००० रुपये, कर १,००० रुपये आणि मैल १०,००० असल्यास ते ५० पैसे होते. सणासुदीत रोख भाडे चढते, तेव्हा जागा मिळाल्यास हे मूल्य वाढते. हॉटेलच्या गुणांनाही हेच गणित लागू पडते.

मर्यादा

मैल ही बँकेतील ठेव नव्हे. त्यांवर व्याज मिळत नाही, बहुतेक योजनांत त्यांना मुदत असते आणि कंपनी विनिमयाचे दर बदलू शकते. क्रेडिट कार्डाचे बिल थकल्यास व्याजाची रक्कम मिळालेल्या मैलांच्या मूल्याहून सहज अधिक होते.