कोठल्याचा मोहरम

नगरचा मोहरम कोणत्या ऋतूत येतो, याला आमच्या घरात तीन उत्तरं आहेत. आजीच्या लहानपणी तो थंडीत यायचा. आईला आठवतो तो चैत्र-वैशाखातला, तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडलेला. माझ्या आठवणीत आहेत श्रावणातल्या सरी आणि मामाच्या खांद्यावरून दिसलेली इमामांची सवारी. तिघींचंही खरं आहे. मुसलमानी वर्षाला अधिक महिना नाही, म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

आजीची थंडी म्हणजे १९४४ सालच्या आसपासची. किल्ल्यात नेहरू, मौलाना आझाद कैदेत होते. मोठी माणसं त्याबद्दल दबक्या आवाजात बोलत. पण पोरींना ओढ होती ती कत्तलच्या रात्रीची, म्हणजे मोहरमच्या दहावीच्या आदल्या रात्रीची. अंगावर शाल घेऊन, थोरल्या बहिणीचा पदर धरून ती कोठल्याला जायची. टेंभ्यांचा उजेड, उदाचा वास, फुलांनी मढलेली सवारी आणि तिच्या बरोबरीनं धावणारी माणसं. कोठल्यावरून थोरल्या इमामांची, मंगलगेटच्या हवेलीतून धाकट्यांची. करबल्यात काय झालं, हे आजीला शेजारच्या खालानं सांगितलं होतं. तहानलेल्या लेकरांचा भाग आला की आजी नेमकी थांबायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. आधी पाणी प्यायचं, मग पुढची गोष्ट.

तिची आवडती गोष्ट मात्र नगरच्या राजाच्या पोराची. पोर तापानं फणफणलेलं. वैद्य-हकीम थकले, दानधर्म झाला, उतार नाही. तेव्हा एक परदेशी फकीर म्हणाला, बारा इमामांना नवस बोल. राजा रात्रभर उशाशी बसला. अंगाची आग होत होती, म्हणून पोर सारखं गोधडी फेकत होतं. राजा म्हणाला, असू द्या, शेवटची रात्र असेल तर निदान गार वारा तरी लागू द्या. पहाटे राजाचा डोळा लागला. जाग आली तर गोधडी पोराच्या अंगावर नीट पांघरलेली! आईनं नाही, दाईनं नाही. मग कोणी?

पुढे फिरिश्ता या इतिहासकाराचा ग्रंथ वाचताना मी याच गोष्टीच्या पानावर आले आणि थबकलेच. राजा म्हणजे बुऱ्हाण निजामशाह, नगर वसवणाऱ्या मलिक अहमदाचा मुलगा. पोर अब्दुल कादर. फकीर म्हणजे इराणातून आलेले विद्वान शाह ताहिर. पांघरुणाचा चमत्कारही तिथे आहे. आजीनं त्याची फक्त गोधडी केली होती. फिरिश्ता स्वतः याच शहरात लहानाचा मोठा झाला. त्यानंही ही गोष्ट इथल्याच कुणा वडीलधाऱ्याच्या तोंडून ऐकली असेल, असं मला मनापासून वाटतं. मुलगा बरा झाला आणि १५३७ मध्ये बुऱ्हाणनं शिया पंथ स्वीकारला. दरबारात मोठी खळबळ उडाली. आजचा कोठला त्याच काळातला. मशीद, शिक्षणाची सोय आणि गोरगरिबांसाठी अन्नछत्र, असं ते सगळं एका आवारात उभं राहिलं.

याच बुऱ्हाणचा आजोबा मलिक हसन मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, असं फिरिश्ताच सांगतो. आणि निजामशाहीतले मालोजीराजे भोसले नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलले, मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. नगरला असं एकमेकांत गुंतलेलं फार आहे. कुणी ते उसवून दोन ढीग करू पाहतं तेव्हा मला राग येतो, कारण उसवलं तर उरतं ते नगर नव्हे.

कोठल्यात आज गेलात तर आधी दिसतात रिक्षा, गॅरेजं, महामार्गाची धूळ. मोहरमात तेच आवार ओळखू येत नाही. सवारीला चादर घालायला रांग लागते आणि रांगेत कपाळावर कुंकू असलेल्या बायका निम्म्या तरी असतात. एकीनं चादरीखाली नातवाचा हात धरून तो सवारीला लावला. पोरानं पटकन हात मागे घेतला, मग आपणहून पुन्हा लावला. नवस फेडायचा होता की बोलायचा, विचारलं नाही. संध्याकाळी विसर्जनाला सवाऱ्या सावेडीकडे निघतात, तेव्हा रस्ताभर गच्च्या भरलेल्या असतात.

२०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मोहरमची दहावी आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पुढे जाऊन पंढरपूरला पोचलेली, घराघरांत साबुदाणा भिजलेला आणि चौकाचौकांत सरबताची पिंपं. एका पिंपापाशी तुळशीमाळ घातलेली म्हातारी पेला हातात घेऊन अडली होती.

"यात काय काय घातलंय रे बाळा? एकादशी आहे माझी."

"दूध, साखर, बर्फ. चालतं आजी, सकाळपासून सगळ्या विचारूनच पितायत."

तिनं पेला रिकामा केला आणि सुनेसाठी दुसरा मागितला.