अध्ययन साहित्य, मोफत

अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना पुस्तके, वह्या व वर्गातील उपकरणे विनामूल्य पुरवण्याची व्यवस्था.

प्रत्येक वर्गाला गरजेनुसार अध्ययन-अध्यापन साहित्य द्यावे, असे २००९ च्या कायद्याची अनुसूची सांगते (पहा : शिक्षण हक्क कायदा). कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तके १९६७ साली स्थापन झालेले मंडळ तयार करते (पहा : बालभारती).

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पानावरचा चौकोनी ठसा मोबाइलने टिपला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

घरी स्मार्टफोन नसलेल्या मुलाला मात्र या कोडचा उपयोग नाही. त्याच्यासाठी उपकरण शाळेतच हवे.