कॅप्टन भाऊंचा एपिसोड

सुपरहिरोंच्या कार्टूनमध्ये एखादा एपिसोड असा येतो, की कायम मागे उभं असलेलं पात्र एकदम पुढे येतं. आज तसाच एपिसोड करूया. साताऱ्याचं प्रतिसरकार म्हटलं की क्रांतिसिंह नाना पाटील आठवतात. थोडं वाचलेलं असेल तर जी. डी. बापू लाड. पण तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कुंडलचे कॅप्टन भाऊ? कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे.

७ जून १९४३. पुणे-मिरज गाडीतून सरकारी पगाराची रक्कम चाललेली. शेणोलीजवळ रुळांवर दगड रचले. गाडी थांबली की मागेही रचले, उलटी पळायला नको! हातात विळे, काठ्या, दोन-तीन गावठी बॉम्ब. बस्स. भाऊंच्या सांगण्यानुसार १९,१७५ रुपये मिळाले. प्रवाशांना कुणी हात लावला नाही.

याला ‘लूट’ म्हटलेलं भाऊंना चालायचं नाही. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते सांगायचे. मला तर हा शब्दांचा हट्ट त्या दगडांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजांच्या लेखी हे सगळे दरोडेखोरच होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर भाऊ गेले. शेणोलीला रुळांशेजारी छोटंसं स्मारक आहे. कराडहून किर्लोस्करवाडीकडे रेल्वेनं निघालात, तर खिडकीची जागा धरा.