बैनामा की किरायानामा?

आमच्या राजुऱ्याची एक गंमत आहे. गाव जागचं हललं नाही, पण जिल्हे तीन झाले. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातला आदिलाबाद, मग नांदेड आणि 1959 पासून चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. राज्य बदललं की कायदा बदलतो. कायद्याची भीती मात्र घराघरांत मागे राहते. हे मला यंदा कळलं.

मागच्या वर्षी आम्ही कर्ज काढून राजुऱ्यात घर घेतलं. वर्ष व्हायच्या आत माझी बदली जिवतीच्या डोंगरात झाली. घर विकायचं की किरायाने द्यायचं, यावर घरात दोन तट पडले.

मामूंनी निक्षून सांगितलं, "बेटा, किराये से दिया तो गया समझ." अम्मीचं उलट. "विकलेलं घर परत येत नाही," एवढंच ती म्हणाली आणि अब्बांच्या पेटीतून दादांचा बैनामा काढून माझ्या हातात दिला. उर्दूतला तो कागद घरात आता मलाच वाचता येतो.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाची राजवट संपली. रझाकारांच्या जुलमाचा राग अनेक ठिकाणी त्यांच्याशी संबंध नसलेल्या साध्या मुसलमानांवर निघाला. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. त्या धास्तीत दादांनी राहतं घर मिळेल त्या किमतीला विकलं आणि ते हैदराबादला गेले. दोन वर्षांनी परत आले, ते किरायाच्या खोलीत. अम्मीची भीती तिथली आहे.

मामूंची भीती 1950 ची. त्या वर्षी हैदराबाद राज्यात कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून हक्क मिळाले आणि पुढे अनेक कुळं मालक झाली. घाम गाळणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचंच झालं. पण ज्यांची गेली, त्यांच्या घरात 'दिलं की गेलं' ही म्हण होऊन बसली.

दोघांचंही खरं आहे, पण आपापल्या काळापुरतं. कूळकायदा शेतीचा होता, राहत्या घराचा नाही. घरभाड्याचे मुंबई, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद असे तीन वेगळे कायदे महाराष्ट्रात होते. त्यांच्या जागी 31 मार्च 2000 पासून एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सवर घर दिलं आणि मुदत संपूनही समोरच्याने सोडलं नाही, तर ताबा परत मिळवण्याची सोय त्यात आहे. मात्र करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते चूक आहे.

आणि 1948 सारखी घाईही आज कुणी माझ्यावर लादलेली नाही. उलट घाईच महाग पडेल. खरेदीला 24 महिने व्हायच्या आत घर विकलं, तर नफा सरळ उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. भरलेलं मुद्रांक शुल्कही परत येत नाही. किरायातून हप्ता पुरता निघणार नाही, हे खरं. पण सास्तीच्या कोळसा खाणी आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने यांच्यामुळे राजुऱ्यात किरायेदाराची वाट फार दिवस पाहावी लागत नाही.

शेवटी ठरवलं, दोन वर्षं घर किरायाने द्यायचं, करार नोंदवून. पुढचं पुढे, हिशेब मांडून. मामू अजून नाराज आहेत. त्यांना मी करार वाचून दाखवणार आहे, ओळ न् ओळ. मग तो कागद त्याच पेटीत जाईल, दादांच्या बैनाम्याशेजारी.