धूर गेला कुठे? लुना ते ई-लुना

मंडळी, दुचाकीच्या धुराचा इतिहास आपण १९७२ पासून सुरू करू. त्या सुमारास महाराष्ट्रातल्याच दोन कारखान्यांतून दोन गाड्या निघाल्या. फिरोदियांची लुना आणि बजाजची चेतक. यवतमाळ, पुसद, वणीसारख्या गावांत सायकलवरचा माणूस इंजिनावर आला, तो अशाच गाड्यांमुळे.

दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आणि त्या मिश्रणातला बराच भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडायचा. मागे राहणारा तो निळसर धूर तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. ही फोर-स्ट्रोक. ऑइल वेगळं, धूर कमी, ॲव्हरेज जास्त. पुढे कायदा कडक होत गेला. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं. त्याच २०२० मध्ये चेतक बॅटरीवर परत आली आणि २०२४ मध्ये ई-लुना.

आता नेहमीचा प्रश्न: ही वीज तरी कोळशाचीच ना? मग धूर कमी झाला, की फक्त जागा बदलली?

हिशेब करून बघू. शहरात साधी मोटारसायकल १०० किलोमीटरला २ लिटर पेट्रोल पिते असं धरा. एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे १८ युनिट. त्यातली बहुतेक उष्णता होऊन उडून जाते. सिग्नलला उभं असतानाही इंजिन पेट्रोल खातच असतं. बॅटरीच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला मीटरवर साधारण साडेतीन युनिट लागतात. पाचपट फरक! पण थांबा, हिशेब अर्धाच झालाय. तारांतली गळती धरली तर वीजकेंद्रात ४ युनिट तयार करावे लागतात, आणि कोळशातली जेमतेम तिसरा हिस्सा ऊर्जा विजेत उतरते. म्हणजे कोळशाच्या रूपात १२ युनिट गेले. फायदा उरतोच, पण पाचपट नाही, दीडपट.

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. २ लिटर पेट्रोलमागे साधारण ४.६ किलो. देशाच्या सरासरी विजेमागे, एका युनिटला ०.७ किलो धरून, ३ किलोच्या आत. सगळी वीज कोळशाचीच धरली, तर ४ किलोच्या आसपास. बॅटरी बनवतानाचा खर्च आणि पेट्रोलच्या रिफायनरीचा खर्च यात धरलेला नाही.

आपल्या जिल्ह्याला हा हिशेब जास्त लागू पडतो. शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेवर धावली. तेव्हा कोळसा यवतमाळात इंजिनाच्या पोटात यायचा आणि त्याचा धूर सगळ्यांना दिसायचा. आज तो तारेतून येतो, म्हणून दिसत नाही. पण वणी तालुक्यातल्या उकणी, निलजईसारख्या खाणींतून तो निघतोच आहे. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर, तिथलं महाऔष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत टाकलं होतं. पुण्यातल्या चौकात धूर कमी होतो ही चांगलीच गोष्ट आहे. नाकाजवळचा धूर छातीला जास्त बाधतो. पण वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची धूळ कायम राहिली, तर त्या स्वच्छ चौकाची किंमत कोण मोजतंय, हे विचारायला हवं.

तरी मी बॅटरीच्या बाजूने आहे, आणि कारण इतिहासातलंच आहे. पेट्रोलची गाडी जुनी होते तसा तिचा धूर वाढतो. विजेची गाडी मात्र तीच राहून स्वच्छ होऊ शकते, वीज कोळशाकडून सूर्याकडे सरकली तर. विदर्भात ऊन काही कमी नाही. शाळा, कचेऱ्या, बाजार समित्या यांच्या छपरांवर पॅनल बसवून दुपारी गाड्या चार्ज केल्या, तर यवतमाळची दुचाकी वणीचा कोळसा न जाळता चालेल. ई-लुना आली, पण ही दुसरी अर्धी बाजू अजून बाकी आहे. ती मागणी गाडी घेणाऱ्यांनीच लावून धरली पाहिजे.