खारे पाणी आणि द्राक्षवेल : एका गुणाच्या शोधाचा इतिहास

खारवट पाण्यावर वाढणाऱ्या द्राक्षवेलीची व्यथा प्रथम पानांच्या कडांवर उमटते. त्या कडा करपतात, पाने अकाली गळतात व घड लहान राहतात. तथापि सर्वच वेली सारख्या करपत नाहीत. हा भेद वंशपरंपरेने येतो, हे आज सिद्ध झाले आहे. तेथवर पोहोचण्याचा मार्ग मात्र सरळ नव्हता. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असला तरी, शब्दांनी या इतिहासात घातलेला घोळ पाहता हा विषय त्यास सर्वस्वी परका वाटत नाही.

आरंभी या गुणाचा शोध कोणी घेतलाच नव्हता. फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्यावर युरोपीय वेलीचे कलम अमेरिकेतील रानवेलींच्या खुंटावर बांधण्याचा उपाय निघाला. परंतु चुनखडीच्या जमिनीत त्यांतील बहुतेक खुंट पिवळे पडू लागले. म्हणून १८८७ साली प्येर व्हियाला यांना अमेरिकेस पाठविण्यात आले. टेक्सासमधील टी. व्ही. मन्सन यांच्या साहाय्याने त्यांचे लक्ष बर्लांडिएरी या चुनखडीत तग धरणाऱ्या रानवेलीकडे वळले. तिच्या संकरातून पुढे सिसिलीत १४० रुजेरी व ११०३ पॉल्सेन हे खुंट निर्माण झाले. चुन्यासाठी निवडलेल्या या वंशात खार अडविण्याचा गुणही दडलेला होता, याची तेव्हा कोणास कल्पना नव्हती.

तो उघड झाला ऑस्ट्रेलियातील मरे नदीच्या खोऱ्यात, जेथे ओलिताच्या पाण्यातील क्षार ही जुनीच अडचण आहे. १९६८ साली सुलताना वेलीवरील प्रयोगातून असे दिसले की, खुंट बदलला म्हणजे वरच्या कलमातील क्लोराइडचे प्रमाणही बदलते. त्यांतील एक उत्तम खुंट ‘सॉल्ट क्रीक’, म्हणजे ‘खारा ओढा’, या नावाने ओळखला जाई. नाव गुणास इतके साजेसे होते की त्याविषयी शंका येऊ नये. पण तेच चुकीचे निघाले. तो खुंट वस्तुतः ‘रॅमसे’ होता आणि खरा सॉल्ट क्रीक निराळ्याच जातीचा होता.

याहून मोठा घोळ ‘क्षारसहिष्णुता’ या शब्दाने घातला. शब्द एक असल्यामुळे गुणही एकच असावा, असे सहज वाटते. मिठाचे घटक मात्र दोन आहेत, सोडियम व क्लोराइड. आणि वेल त्यांना निरनिराळ्या रीतींनी अडविते. १९८० नंतरच्या दशकात बर्लांडिएरी व युरोपीय वेल यांच्या संकरांवरून क्लोराइडरोधास एक प्रभावी जनुक कारण असावे, असे अनुमान निघाले. परंतु पुढे १४० रुजेरी व के ५१-४० यांच्या संततीत क्लोराइडचे प्रमाण कमीअधिक अशा अखंड श्रेणीत आढळले. अर्थात तेथे अनेक जनुकांचा हात असला पाहिजे.

सोडियमची गोष्ट वेगळी ठरली. त्याच संततीच्या अभ्यासावरून २०१८ साली अकराव्या गुणसूत्रावरील एचकेटी कुळातील एका जनुकाकडे बोट दाखविण्यात आले. या जनुकापासून बनणारे प्रथिन मुळातील जलवाहिन्यांतून वर चढणारे सोडियम बाहेर ओढून घेते. प्रथिनाच्या घडणीतील अल्प फरकानेही हे कार्य मंदावते व सोडियम पानांपर्यंत जाते.

या विवेचनाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस येथील पाणीटंचाई व खारवटपणा यांवर उपाय म्हणून टेक्सासचाच डॉगरिज हा खुंट बागायतदारांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. त्याच्या जोमामुळे अनेक बागा सावरल्या. तथापि पुढे काही ठिकाणी याच खुंटावरील वेलींच्या पानांत सोडियम साचून ती काळवंडल्याचे दिसून आले, आणि बर्लांडिएरीच्या वंशातील ११० रिश्टरसारख्या खुंटांकडे लक्ष वळले.

बाग एकदा लावली म्हणजे खुंट बदलता येत नाही. निवडीची चूक शेतकऱ्यास वर्षानुवर्षे भोगावी लागते. म्हणून ‘हा खुंट खार सोसतो काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणता क्षार, आणि तो कोठे अडविला जातो, असे विचारले पाहिजे. दीड शतकाच्या या इतिहासाचा बोध हाच होय.