विनामूल्य ग्रंथोत्सवाचा खर्च

ग्रंथोत्सव विनामूल्य असतो तो येणाऱ्यांसाठी. मांडव, बाकडी, वीज, पुस्तकांची ने-आण ह्यांचा भार कुणीतरी उचललेलाच असतो. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात हे सारे निभावून जाते. खरी कसोटी लागते ती एखादा मोठा देणगीदार हात आखडता घेतो तेव्हा. कोल्हापूरच्या वेशीवरील उचगावात असा उत्सव भरवून तो टिकवू पाहणाऱ्यांनी आधी आपल्याच पंचक्रोशीचा इतिहास चाळावा.

कोल्हापुरात १८५० साली सुरू झालेली नेटिव्ह लायब्ररी आज करवीर नगर वाचन मंदिर म्हणून उभी आहे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील तो पहिलाच. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि कायदाही गेला. वाचन मंदिर मात्र राहिले, कारण त्याचा आधार एका कायद्यापुरता नव्हता. पुढे महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला. त्यात ग्रंथालय-कर नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते. म्हणजे भागीदारी मुळातच गृहीत धरलेली आहे.

अशा भागीदारीचे अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील भिलारचे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. पुस्तके आणि कपाटे शासनाने दिली, भिंती चित्रकारांनी रंगविल्या, आणि आरंभी पंचवीस ठिकाणी गावकऱ्यांनी आपली जागा मोकळी करून दिली. परक्या वाचकाला घरात बसवून घेणे ही देणगी कोणत्याच पावतीपुस्तकात मांडता येत नाही!

परंतु मला अधिक बोलके वाटते ते उचगावलगतच्या वळिवड्याचे उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने घरादारांतून उखडून दूर नेलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ पासून त्यांतले सुमारे पाच हजार जण वळिवड्याच्या छावणीत राहू लागले. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. धर्माने बहुतांशी कॅथलिक. तेथे चर्च, शाळा, रुग्णालय, नाट्यगृह आणि वाचनाची सोय उभी राहिली. शिक्षक निर्वासितांमधलेच. पूर्वेकडील पोलिश शाळांसाठी पाठ्यपुस्तके जेरुसलेमला छापली जात, कारण मायदेशातून पुस्तक येणे शक्यच नव्हते. घर गेले, शेत गेले, तरी मुलांची भाषा जाऊ द्यायची नाही हा त्या मातांचा निर्धार असावा.

खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार सोशीत असे. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा मुख्य आधारच निखळला. तरीही शाळा चालू राहिल्या. उलट १९४६ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडी छावणीतील मुलेही येथेच येऊन दाखल झाली. पैसा पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्वसन संस्थेकडून आला. पण केवळ पैशावर शाळा चालत नाही. पैसे देणारा बदलला, शिकवणारे आणि राबणारे हात तेच राहिले. माझ्या मते सारे तरले ते ह्यामुळे. ग्रंथोत्सवाच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. देणगीदाराचे नाव फलकावर मोठ्या अक्षरात लिहितो, आणि खुर्च्या मांडणारी पोरे दरवर्षी नवी शोधतो.

१९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. आज तेथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे. उचगावच्या ग्रंथोत्सवाला मांडवाचे कापड हवे असेल तर फार लांब जावे लागणार नाही.